तीनदा विचारावं आणि थांबावं

१९५३ साल. मी बावीस वर्षांचा होतो, आणि दोर वळण्यातलं जे मला कळतं ते वाशीम तालुक्यात दुसऱ्या कोणाला कळत नाही असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. शाळेचं म्हणाल तर तिसरी पास. चौथीत मास्तरांनी विनाकारण छडी उगारली, तर मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि ती पाटी आणायलाही पुन्हा गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात काही वाकडंतिकडं झालं तर ते माझं. पण ज्या माणसाबद्दल लिहितो आहे त्यानं मला शब्द पारखायला शिकवले, आणि त्याच्याबद्दल आमच्यातले जुने लोक जे अर्धवट बोलतात ते पुरतं सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

फादर तोमास त्या वर्षी पोळा झाल्यावर आमच्या वस्तीवर आले. अनसिंगपासून दोन कोसांवर आम्हा ख्रिस्ती लोकांची तीसेक घरं, एक कौलारू चर्च, मागे फादरची खोली. त्याआधीचे फादर परदेशी होते, त्यांना आमची भाकर पचायची नाही. हे आले आणि पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकर हातावर घेऊन वर ठेचा ठेवून उभ्यानं खाल्ली. वय सत्तावन-अठ्ठावन. उंच, वाळलेले, डाव्या कानाची पाळी मधून फाटलेली. बोलायचे ते पुस्तकातलं मराठी, पण राग आला किंवा ठेच लागली की अस्सल वऱ्हाडी बाहेर पडायचं. आम्ही विचारलं, फादर, तुम्ही कुठचे? तर म्हणाले, इकडचाच. त्यापुढं कधी गेले नाहीत.

दक्षिणेत कुठंतरी फादर घडवायची शाळा होती, तिथं वीस वर्षं त्यांनी विधी शिकवले होते. विधी म्हणजे मिस्सा, बाप्तिस्मा, लग्न, माती, यात कोणतं वाक्य कधी आलं, कोणतं जुनं, कोणतं मागून घुसलं, हे सगळं. त्यांना परदेशी तिकिटांची पत्रं यायची. एवढा मोठा माणूस स्वतः ही जागा मागून घेऊन आमच्या वस्तीवर आला होता, आणि काहून, ते कोणाला समजत नव्हतं. कारण ते सांगायचे एकच, की त्यांना पुस्तक लिहायचं होतं. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची मोठी प्रार्थना, तेव्हा लॅटिनमध्येच व्हायची, ती कोणी बदलू शकत नव्हतं. पण लग्नातले प्रश्न, बाप्तिस्म्याचे प्रश्न, मातीवर म्हणायचे शब्द हे लोकांच्या बोलीत करता येत होते, बिशपसाहेबांचा शिक्का मिळाला तर. अकरा वर्षं ते त्या पुस्तकाला लागले होते. दक्षिणेत बसून केलेला अर्धा मजकूर त्यांनी इथं आल्यावर फाडला. म्हणाले, हे मराठी फक्त कागदाला समजतं.

मी त्यांच्या कामात पडलो तो दोरामुळं. अंबाडी भिजवून, सोलून, तिचा वाख म्हणजे धागा वाळवून त्याचा दोर वळायचा, हा आमचा पिढ्यांचा धंदा. दोराला दोन माणसं लागतात. एकानं दगडावर बसून फिरकी फिरवायची, पीळ द्यायचा, आणि दुसऱ्यानं वाख सोडत सोडत मागं मागं जायचं. माझा बाप नुकताच गेला होता, फिरकीला माणूस नव्हतं. एक दिवस फादर चर्चच्या मागून आले, दगडावर बसले, उजव्या हातात फिरकी धरली आणि डाव्या हातातला कागद वाचू लागले. मी मागं सरकत होतो. वीस हात, तीस हात, चाळीस हात. शेवटी मी ओरडून सांगितलं, फादर, तुमचं अर्धंच ऐकू येऊन राह्यलं. ते थांबले. कागदावर काहीतरी खोडलं.

त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला. दोराच्या त्या टोकाला जे वाक्य पोचत नाही ते पुस्तकात राहायचं नाही. लांब वाक्य असलं तर वाऱ्यावर तुटायचं, जड शब्द असला तर मध्येच पडायचा. मला समजलं असं मी म्हटलं की चिडायचे. "तुले समजलं म्हनून काय झालं? तुह्या मायले समजलं पाह्यजे." मग माझी माय भाकरी टाकून बाहेर यायची, कमरेवर हात ठेवून ऐकायची आणि बहुतेक वेळा मान हलवून परत आत जायची. फादर खोडायचे. समजलं की कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहायचे, कोणाला वाचून दाखवलं, कधी, तो काय म्हणाला. सगळं पुस्तक कडेला असं भरलेलं होतं. मूळ मजकुरापेक्षा कडेचं जास्त. पुढं पुढं त्यांच्या हाताला फिरकीची सवयच जडली. प्रार्थनेला बसले तरी उजवी मूठ मांडीवर हळूहळू फिरत असायची.

लग्नाच्या पानावर ते सगळ्यात जास्त अडले. जुन्या मराठी पुस्तकात प्रश्न होता, "तू याचा पती म्हणून स्वीकार करतेस का?" त्या पुस्तकावरून त्यांनी आल्या वर्षी एक लग्न लावलं. मुलगी पंधरा-सोळाची. प्रश्न विचारला तर ती घाबरून म्हणाली, "मी कायले करू? बाबाले इचारा." सगळं चर्च हसलं. मामा पाठीमागं उभा होता, त्यानं तिची मान धरून खाली वाकवली, झाला होकार. पिढ्यांपासून असंच चालत होतं. नवरी बोलत नाही, मामा तिच्या वतीनं मान हलवतो. फादर हसले नाहीत. लग्न तिथंच थांबवलं, मामाला बाहेर काढलं, आणि मुलीला खाली बसवून साध्या बोलीत सगळं समजावलं. तासभर गेला. जेवणं थंड झाली. आमचे येसुदास मास्तर, जे वस्तीला प्रार्थना शिकवायचे, ते तर म्हणालेही की फादरनं लग्न लावलं की पंचायत भरवली?

त्यानंतर पानावर शब्द आला तो राजी. "तू राजी आहेस का?" आणि त्याच्या खाली लाल शाईनं सूचना. लाल शाई म्हणजे विधी करणाऱ्यानं काय करायचं ते. सूचना अशी: नवरीजवळ कोणी उभं राहू नये. तीनदा विचारावं. प्रत्येक वेळी विचारून थांबावं. ती आपल्या तोंडानं बोलेपर्यंत पुढं जाऊ नये. मी त्यांना म्हटलं, फादर, बाकी पुस्तकात एवढं लाल कुठं नाही. ते म्हणाले, या एका ठिकाणी चूक झाली तर मग पुढं काही दुरुस्त होत नाही.

त्यांची दुसरी एक खोड होती, ती वस्तीला विचित्र वाटायची. माती द्यायच्या वेळी पेटी बंद करण्याआधी ते मेलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवायचे. बराच वेळ. माझ्या मायच्या वेळीही ठेवला. ती चौपन्नच्या थंडीत गेली. मी पाहत होतो, मला राग आला, की आम्ही काय जिवंत माणूस पुरून राह्यलो का? मी तसं बोललो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खात्री केल्याबिगर मी तोंड उघडत नाई. मेला म्हनून सांगनारे लई असतात." मग त्यांनी स्वतःचे शब्द म्हटले, आखूड, दोराच्या टोकाला पोचणारे, आणि माझ्या मायची ज्या बायांशी भांडणं होती त्यासुद्धा रडल्या. ते शब्द मला आजही पाठ आहेत. इथं लिहीत नाही. ते ज्याच्या त्याच्या वेळी कानावर यावे.

पंचावन्नमध्ये माझं लग्न ठरलं, इंझोरीकडच्या मार्थाशी. नव्या पानावरून होणारं हे पहिलं लग्न. बिशपसाहेबांनी एक वेळ वापरून बघायला तोंडी परवानगी दिली होती. फादर महिनाभर आधीपासून मला तेच सांगत होते, ती बोलेल, बघजो तू. आणि मला वेगळीच धास्ती. सगळ्या वस्तीसमोर फादर तीनदा विचारणार, आणि ही गप्प राहिली तर? किंवा बाबाले इचारा म्हणाली तर? माझं हसं होईल. मी माझ्या धंद्यात कोणापुढं मान खाली घातली नव्हती. तेव्हा मी एक काम केलं. आदल्या दिवशी तिच्या मामाला गाठलं आणि सांगितलं, तिले सांगून ठेवा, पहिल्याच खेपेला मोठ्यानं हो म्हन म्हना. मामा हसला. म्हणाला, जावईबापू, काळजी नका करू, नाई म्हनाली त तंगडं तोडतो.

दुसऱ्या दिवशी फादरनं विचारलं, "मार्था, तू राजी आहेस का?" त्यांचा प्रश्न संपला न संपला तोच ती म्हणाली, "हो, राजी हाओ." एवढ्या मोठ्यानं की बाहेर बैल दचकले. लोक हसले. फादर मात्र तिच्याकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी. बाकीच्या दोन वेळा त्यांनी विचारलं, बाकीच्या दोन्ही वेळा ती तशीच ओरडली. संध्याकाळी त्यांनी पानाच्या कडेला लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: वधूने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने उत्तर दिले. मी म्हटलं, छान लिवलं फादर.

त्यानंतर वर्षभर ते येईल त्याला हे सांगायचे. बिशपसाहेबांनाही कळवलं, की आपल्या लोकांत हे होत नाही म्हणतात, पण झालं, मी पाहिलं.

आता फादरला शोधत एक बाई कशी आली ते सांगतो, कारण त्यातही माझंच तोंड होतं. छप्पनच्या उन्हाळ्यात अनसिंगच्या बाजारात रिठदचा एक माणूस दोर घ्यायला आला. मी सवयीप्रमाणं आमच्या फादरची बढाई मारत होतो, की एवढा विद्वान, पण आपल्याच मातीतला, विहिरीचा दोर कसा हवा तेही सांगतो. तो म्हणाला, कुठचा? मी म्हटलं, ते सांगत नाही, पण त्याची डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. माणूस दोर न घेताच उठला.

चार दिवसांनी सकाळी एक बैलगाडी आमच्या दोराच्या जागेशी येऊन थांबली. फादर फिरकीवर, मी तिकडच्या टोकाला. गाडीतून एक म्हातारी उतरली, साठीच्या आतली पण वाकलेली, कपाळ मोकळं, हात मोकळे. ती फादरच्या पुढं जाऊन उभी राहिली. फिरकी थांबली. माझ्या हातात ताणलेला दोर होता, तो सोडला तर पीळ सुटला असता, म्हणून मी जागचा हललो नाही. आणि त्या दोराच्या टोकाला एकूण एक शब्द पोचला.

ती म्हणाली, "वळखलं काय?"

फादर उठले. वस्तीत ते सगळ्यांना अरे-तुरे करायचे, लहानथोर सगळ्यांना. तिला म्हणाले, "तुमी बसा."

ती बसली नाही. तिचं नाव सोनाबाई. रिठदच्या एका चांगल्या शेतकरी घरातली सून. फादर सोळाचे, ती अकराची असताना लग्न झालेलं. तीन वर्षं नांदली. मग ते शिकायला म्हणून मोठ्या गावी गेले आणि परत आले नाहीत. बारा वर्षं घरच्यांनी वाट पाहिली. बारा वर्षांनी रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला माणिक, हे फादरचं जुनं नाव, म्हणून आंघोळ घातली, नेऊन जाळला. सोनाबाईच्या बांगड्या तिथंच फोडल्या. तेव्हा ती सव्वीसची होती. तिनं हे सगळं असं सांगितलं जसं कोणी गेल्या वर्षीच्या पिकाचं सांगतं.

"म्या तवा म्हनलं होतं, कोनी मेलेलं पाह्यलं काय? छातीले हात लावला काय कोनी? सासरा म्हने, बायकाईनं मदी बोलू नाई."

फादर म्हणाले, "पुतळ्याचं मले ठाऊक होतं. गावच्या एका माणसानं सांगितलं होतं, लई वर्सांआधी."

"ठाव होतं?"

"हो."

माझ्या हाताला रग लागली होती. मग तिनं विचारलं ते असं, "जाताना तुमी मले इचारलं असतं, येतं काय म्हून, त म्या काय म्हनलं असतं, ठाव हाय तुमाले?"

"नाई."

"मलेबी नाई. कोनी इचारलंच नाई त मले तरी कसं ठाव असंन?"

मग फादरनं जे सांगितलं ते तिला पुरतं समजलं नसेल, पण मला समजलं. आमच्या धर्मात नियम आहे. लग्न झालेला माणूस बाप्तिस्मा घेतो तेव्हा त्याच्या जुन्या बायकोला विचारावं लागतं, तू याच्यासोबत नांदतेस का? ती नाही म्हणाली तरच तो मोकळा, फादर व्हायलासुद्धा. फादर तिला म्हणाले, की मी लिहून दिलं, तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाही म्हटलं. खाली दोन साक्षीदारांची नावं घातली. ती माणसं नव्हतीच.

सोनाबाईनं पदर डोक्यावर ओढला. "म्हंजे तिकडं माह्या नावानं कोनी बोललं," ती म्हणाली, "अन् इकडं तुमच्या नावानं कोनी मेलं. बरं झालं." आणि गाडीत जाऊन बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही. फादर गाडीमागं चार पावलं गेले आणि थांबले. मी तेव्हा दोर सोडला. सगळा पीळ सुटून तो जमिनीवर सापासारखा वळवळत गेला.

वस्तीला दुपारपर्यंत कळलं, कारण फादरनं स्वतःच सांगितलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला वेदीकडे न जाता लोकांत उभे राहून सांगितलं. काही लपवलं नाही. मग सुरू झालं. येसुदास मास्तरांचं म्हणणं, ज्यानं आपल्या बायकोचं तोंड दाबलं त्यानं आम्हाला नवरीला बोलू द्या म्हणून शिकवावं, हा काय धंदा? पुस्तक चुलीत घाला. कोणी म्हणालं, मग या तीन वर्षांत यांनी लावलेली लग्नं खरी का खोटी? माझ्याकडे बघून म्हणालं. मी विचारणाऱ्याच्या अंगावर गेलो, लोकांनी धरलं.

पंधरा दिवसांत बिशपसाहेबांकडून पुस्तक तपासायला एक फादर येणार हे आधीच ठरलेलं होतं. ते आले. तरुण, चष्मा, बोलणं अगदी स्वच्छ. फादर तोमासनी त्यांना आल्या आल्या सगळं सांगितलं आणि मग पुस्तक पुढं ठेवलं. दोन दिवस ते चर्चच्या ओसरीत बसून वाचत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला, येसुदास मास्तरांना आणि फादरना बोलावलं.

ते वाईट माणूस नव्हते हे मी सांगितलं पाहिजे, मला ते आवडले नाहीत तरी. ते म्हणाले, मी असा मजकूर मराठीत पाहिला नाही. माझ्याच्यानं यातला एक शब्द बदलवत नाही. पण प्रत्येक पानाच्या कडेला साक्ष आहे, अमक्याला वाचून दाखवलं, अमक्याला समजलं, अमकी असं म्हणाली. या सगळ्याला यांच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही. आणि यांनी स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या वेळी खोटी साक्ष लिहिली आहे, ज्या जागी सगळ्यात खरं लिहायचं होतं त्या जागी. मग मी बाकीचं कसं धरायचं?

मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, विहिरीवर दोर सोडतो तवा कोनी इचारत नाई का हा कोनं वळला, त्याची चालचलणूक कशी. मोट भरून वर येते का नाई, ते पाह्यते मानूस. याचा दोर भार पेलते. माह्या मायच्या मातीवर पेलला."

मला वाटलं होतं फादर तोमासना बरं वाटेल. ते खाली बघत होते, मूठ मांडीवर फिरत होती. म्हणाले, "तू दोरवाला हायेस अन् असं बोलतं? वळणारानं मदी सडका वाख घातला असंन, त वरून दिसते काय? मोट पन्नासदा येते वर. एकावन्नाव्यांदा मानूस विहिरीत जाते. इचारलंच पाह्यजे कोनं वळला म्हून."

मी खाली बसलो. कारण ते धंद्यातलं खरं होतं.

तरुण फादर मग लग्नाचं पान उघडून मला म्हणाले, "इथं तुमच्या पत्नीबद्दल लिहिलं आहे. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या तोंडाने. आपण सांगा, हे जसं झालं तसं आहे का?"

ओसरीत सगळे माझ्याकडे बघत होते. येसुदास मास्तरांच्या ओठावर बारीक हसू होतं, निदान मला दिसलं. फादर तोमासनी मान वर केली. मी म्हटलं, "हो. मोठ्यानं बोलली. सगळ्या वस्तीनं ऐकलं." ते खोटं नव्हतं. जे विचारलं होतं त्याचं ते उत्तरही नव्हतं.

तरुण फादरनी पुस्तक फडक्यात बांधून नेलं. पावसाळा गेला. दिवाळीनंतर दोन पत्रं आली. एक असं, की सदर पुस्तक वापरात आणू नये, जुनंच चालू ठेवावं. दुसरं असं, की फादर तोमास यांनी म्हाताऱ्या फादरांच्या घरी राहायला जावं, तिथं त्यांची काळजी घेतली जाईल. मधल्या काळात ते फिरकीवर येत होते, पण कागद नसायचा. नुसते पीळ देत बसायचे. एकदा त्यांनी रिठदला निरोप धाडला, भेटायला येऊ का म्हणून. सोनाबाईचं उत्तर आलं, की आता इचारून काय कामाचं. तो निरोप घेऊन येणाऱ्यानं हसत सांगितला. फादरनी तो दोनदा म्हणायला लावला, कान नीट द्यावा तसं ऐकलं, आणि म्हणाले, बोलली तर खरी.

जायच्या दिवशी मीच त्यांना गाडीतून वाशीम स्टेशनावर नेलं. सामान एक पेटी. मार्थानं भाकरी बांधून दिल्या होत्या. दुपार होती, फलाटावर कापसाचे गठ्ठे पडलेले, त्यांच्या सावलीला आम्ही बसलो. गाडी यायची घंटा झाली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"एक सांग मले. मार्था त्या दिवशी आपल्या मनानं बोलली ना? कोनी शिकवून त नव्हतं धाडलं?"

मला अजून तो हात आठवतो. फिरकीनं घट्टे पडलेला, पुस्तकवाल्या माणसाचा हात तसा नसतो. मला दिसत होतं की चौदा वर्षं गेली, पुस्तक गेलं, आणि आता त्यांच्यापाशी ती एकच कडेची ओळ उरली आहे. खरं सांगायला हवं होतं. त्यांनीच मला शिकवलं होतं, सडका वाख मध्ये घालू नये. पण मी म्हटलं, "नाई फादर. तिच्या मनानंच बोलली."

त्यांनी मान हलवली. गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटली तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. उजवी मूठ मांडीवर होती. ती फिरत नव्हती.

पुढं दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. छातीवर कोणी हात ठेवला होता का, ते कळलं नाही. आता सगळं मराठीत झालं आहे, नवरीला विचारतात, नवरी बोलते. शब्द दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले आहेत आणि लांब आहेत.

फादरना गाडीत बसवलं त्या संध्याकाळी मी घरी आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्था अंगणात परातीत पीठ मळत होती. मी तिच्यापासून चार हात लांब जाऊन उभा राहिलो, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं, आणि म्हटलं, मार्था, मामानं जे सांगतलं होतं ते सोड, तू राजी आहेस का? तिनं वर पाहिलं. पिठातले हात थांबले. ती काही बोलली नाही. मी थांबलो, लाल शाईत लिहिलं होतं तसा थांबलो, आणि दुसऱ्यांदा विचारलं.